‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी कधी थांबणार?

आठवडी बाजाराचा दिवस. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरून साठीची एक आजी पहिल्या एस.टी.ने तालुक्याच्या गावी येते. केळीच्या बागेतली त्या दिवसाची मजुरी तिने बुडवलेली असते. सरकारी दवाखान्यात रांगेत उभी राहून केसपेपर काढते. डॉक्टर रक्तदाब मोजतात, ‘आजी, गोळी रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही,’ असे बजावतात. आजी मान डोलावते आणि औषधाच्या खिडकीशी जाते. तिथे तिला महिन्याच्या तीस गोळ्यांऐवजी दहा मिळतात. सोबत एक चिठ्ठी आणि दोन शब्द : ‘बाहेरून आणा.’

आजी बाहेर येते. मेडिकलच्या दुकानासमोर क्षणभर थांबते, कमरेच्या पिशवीतले पैसे चाचपते आणि बाजाराकडे वळते. मीठ-मिरची घेणे तिला जास्त निकडीचे वाटते. दहा दिवस गोळी चालते, वीस दिवस बंद राहते. पुढच्या महिन्यात पुन्हा तसेच. मग एखाद्या पहाटे तिचे तोंड वाकडे होते, एक हात उचलत नाही. गावात म्हणतात, ‘वारं गेलं अंगावरून.’ खरे तर वारे गेलेले नसते, वीस गोळ्या मिळालेल्या नसतात.

वाचकहो, हे चित्र कोणा एका दवाखान्याचे नाही. राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यात थोड्याफार फरकाने ते पाहायला मिळते. आपण सहसा त्याचा राग खिडकीतल्या कर्मचाऱ्यावर काढतो, नाहीतर ‘सरकारकडे पैसाच नाही’ असे म्हणून गप्प बसतो. यांपैकी एकही कारण पुरेसे नाही. ज्या देशातून जगभर औषधे जातात, त्या देशात रक्तदाबाची साधी गोळी ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. अडचण असते ती कारखान्यापासून खिडकीपर्यंतच्या वाटेवर. ही वाट म्हणजेच सरकारी औषध खरेदी. हा विषय रूक्ष वाटतो, पण आजीचा हात चालता राहणे त्यावर अवलंबून आहे. म्हणून आजच्या सदरात त्याचाच विचार करू.

औषधाचा प्रवास

रावेर तालुक्यातल्या वाचकाला माल कसा हलतो हे शिकवण्याची गरज नाही. घड कधी कापायचा, माल कोणत्या दिवशी भरायचा, भाव कोण ठरवतो, पैसे कधी हाती येतात, हे त्याला पाठ असते. कापणी झालेली केळी दोन दिवस रस्त्यात अडली तर काय होते, हेही तो जाणतो. औषधाचेही तसेच आहे. फरक एवढाच की केळी सडली तर डोळ्यांना दिसते. औषधाची मुदत गोदामात संपली किंवा ते खिडकीपर्यंत पोहोचलेच नाही, तर ते कोणालाच दिसत नाही.

आपल्या तालुक्यात सरकारी औषधे साधारण दोन वाटांनी येतात. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असतात. त्यांची मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते. ग्रामीण रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. त्यांची मागणी तिकडे जाते. दोन्हीकडून मागण्या वर पोहोचतात, तिथे त्यांची बेरीज होते, निविदा निघते, दर ठरतात, पुरवठ्याचे आदेश दिले जातात, माल जिल्ह्याच्या भांडारात येतो, तपासला जातो आणि मग खाली वाटला जातो. ही साखळी आहे. साखळीची एक कडी सैल झाली तरी शेवटी आजीच्या हाती चिठ्ठीच येते.

पहिली कडी : मागणी

बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षाची मागणी गेल्या वर्षीच्या खर्चावरून ठरवली जाते. ऐकायला हे बरोबर वाटते, पण त्यात एक फसगत आहे.

समजा, एका रुग्णालयात गेल्या वर्षी रक्तदाबाच्या ८० हजार गोळ्या वाटल्या गेल्या. पण वर्षातले चार महिने तिथे गोळ्याच नव्हत्या. म्हणजे ८० हजार गोळ्या आठ महिन्यांत संपल्या. महिन्याला १० हजार. मग वर्षाची खरी गरज झाली १ लाख २० हजार. पण कागदावर ‘गतवर्षीचा खर्च ८० हजार’ असे लिहिलेले असते आणि मागणीही तेवढीच जाते. यंदाही चार महिने खडखडाट. टंचाईच पुढच्या टंचाईला जन्म देते ती अशी. म्हणून गोळ्या किती गेल्या याबरोबर त्या किती महिने शिल्लक होत्या, ही नोंदही ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट स्थानिक गरजेची. रावेरची गरज मुंबईसारखी नसते. इथे पावसाळ्यात केळीच्या बागेत, चाऱ्यात, काडीकचऱ्यात साप निघतात. सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांच्या विषावर चालते. विषबाधेची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने सोडलेले विष मूल लहान आहे म्हणून कमी होत नाही. म्हणजे भांडारात २० कुप्या असणे याचा अर्थ दोन रुग्णांची सोय असणे, वीस रुग्णांची नव्हे. नोंदवहीत ‘साठा उपलब्ध’ असे लिहिले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. जूनपूर्वी हा साठा दूरच्या केंद्रांपर्यंत पोहोचला पाहिजे. ऑगस्टमध्ये आलेली लस जुलैच्या रुग्णाच्या काय कामाची?

कुत्रा चावल्यानंतरच्या लसीचे उदाहरण यापेक्षा वेगळे आहे. स्नायूत टोचण्याच्या जुन्या पद्धतीत एका माणसाला पाच वेळा पाच कुप्या लागत. कातडीच्या थरात टोचण्याच्या पद्धतीत प्रत्येक खेपेला दोन ठिकाणी ०.१ मिलिलीटर, अशा चार खेपा होतात. सगळी मिळून ०.८ मिलिलीटर लस पुरते. एकच साठा कितीतरी जास्त माणसांना पुरतो. मात्र उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते. म्हणून रुग्णांना ठरावीक दिवशी एकत्र बोलवावे लागते. औषध वाढवण्याचा एक मार्ग जास्त खरेदी करणे हा असतो, आणि दुसरा आहे ते नीट वापरणे हा.

सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल वगैरे समाजांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. त्यांना फॉलिक ॲसिडच्या आणि कित्येकांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या वर्षानुवर्षे लागतात. अशा रुग्णांची यादी आधीच तयार असते, त्यांची गरज मोजता येते. तिथे ‘अंदाज चुकला’ ही सबब चालत नाही.

दुसरी कडी : कोणते औषध घ्यायचे?

बाजारात औषधांची हजारो नावे आहेत. पण बहुतेक आजारांना लागणारी औषधे मोजकीच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली. आपल्याकडे त्याही आधी, १९७५ मध्ये, हाथी समितीने अशी ११७ औषधे निवडली होती. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये आली. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत.

यादीचा फायदा काय? शंभर प्रकारच्या गोळ्या थोड्या थोड्या घेण्यापेक्षा मोजकी औषधे मोठ्या प्रमाणावर आणि मूळ नावाने घेतली की भाव पडतो. मूळ नाव म्हणजे कंपनीने ठेवलेले नाव नव्हे, तर औषधाचे शास्त्रीय नाव, ज्याला आपण ‘जेनेरिक’ म्हणतो. दुकानातल्या छापील किमतीत कंपनीची जाहिरात, ठोक व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा नफा असे सगळे मिसळलेले असते. सरकारने कारखान्याकडून थेट, मोठ्या प्रमाणावर खरेदी केली तर कित्येक गोळ्या छापील किमतीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी भावात मिळतात. याचाच अर्थ असा की, आजी दुकानात जे पैसे देऊन एक पाकीट घेते, तेवढ्यात सरकार दहा आज्यांची सोय करू शकते. बाह्यरुग्णाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा औषधांचाच असतो. म्हणून या कडीचे महत्त्व फार.

याबाबत डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सातारा जिल्ह्यात केलेला अभ्यास मोलाचा आहे. जिल्ह्यात औषधे येतात किती आणि वापरली जातात कशी, हे त्यांनी तपासले. एकीकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांना गरजेपेक्षा बरीच कमी औषधे मिळत होती, तर दुसरीकडे चिठ्ठ्यांवर अनावश्यक औषधांची गर्दी होती. टंचाई आणि उधळपट्टी एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदत होती.

तिसरी कडी : स्वस्त, पण खरे?

निविदेत ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, हा नियम वरवर पाहता सरकारी पैशाची राखण करतो. पण केवळ दर पाहणे किती महाग पडते, हे महाराष्ट्राने सोसले आहे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. त्याने मूत्रपिंडे निकामी झाली. चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. रुग्णालयातील खरेदी, औषध प्रशासन आणि राजकीय हस्तक्षेप या सगळ्यांवर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर अलीकडचे उदाहरण नागपूर जिल्ह्यातले आहे. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांच्या नमुन्यात औषधाचा अंशच नसल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. पुढच्या तपासात, हरिद्वार इथल्या जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेत स्टार्च आणि टाल्कम पावडर वापरून अशा गोळ्या बनवल्या गेल्याचे पोलिसांनी म्हटले. न्यूमोनियाच्या किंवा विषमज्वराच्या रुग्णाला औषधाच्या नावाखाली पावडर दिली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय डॉक्टरला वाटते औषध लागू पडले नाही, म्हणून तो आणखी भारी औषध लिहितो. खोटी गोळी अशी दोनदा मारते.

म्हणून खरेदीत दराआधी पात्रता पाहिली पाहिजे. कारखाना स्वतः औषध बनवतो का, किती वर्षे बनवतो, त्याची उलाढाल किती, पूर्वी त्याचा माल नापास झाला आहे का, हे एका पाकिटात. दर दुसऱ्या पाकिटात. पहिले पाकीट उत्तीर्ण झाल्यावरच दुसरे उघडायचे. आणि माल आल्यावर प्रत्येक खेपेचा नमुना तपासूनच तो वाटपाला सोडायचा. केळीचे स्वस्त रोप घेऊन वर्षभर पस्तावलेला शेतकरी हा हिशेब लगेच ओळखेल.

चौथी कडी : पैसे वेळेवर

या कडीची चर्चा सर्वांत कमी होते. माल देऊन महिनोन्महिने बिल थकले तर चांगले पुरवठादार निविदा भरायचे सोडतात. उरतात ते दोन प्रकारचे : थकबाकीचे व्याज आधीच दरात मिळवून दर वाढवणारे, किंवा मालात हात मारणारे. आपल्याकडे जो व्यापारी केळीचे पैसे थकवतो, त्याच्या दारात पुढच्या हंगामात चांगला माल जात नाही. सरकारी भांडारालाही हाच न्याय लागू आहे. दुसरीकडे, आर्थिक वर्षाच्या शेवटी मार्चमध्ये निधी येतो आणि ‘परत जाऊ नये’ म्हणून घाईघाईने खरेदी होते. मग नको ते औषध ढिगाने येते आणि हवे ते येतच नाही.

पाचवी कडी : गोदाम आणि वाटप

खान्देशातल्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या गोळ्यांचे आणि कुप्यांचे तिथे काय होत असेल? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन, मधुमेहींचे इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. वीज गेली, जनरेटर चालला नाही, तर कुपी दिसायला तशीच राहते, पण तिचा गुण उतरतो. म्हणून औषध विकत घेणे म्हणजे केवळ गोळी विकत घेणे नव्हे. त्यात गोदाम, थंड पेटी, गाडी आणि नोंद ठेवणारा प्रशिक्षित माणूस, हे सगळे येते.

वाटपाचा नियम सोपा आहे : ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. आणि एका केंद्रात जास्त साठा पडून असेल तर तो शेजारच्या केंद्राला द्यावा. पण एक केंद्र जिल्हा परिषदेचे आणि दुसरे रुग्णालय शल्यचिकित्सकांचे असेल, तर आठ-दहा किलोमीटरवरची गोळीही कागदाअभावी हलत नाही. यासाठी ‘ई-औषधी’ ही संगणकावरील साठ्याची नोंद महाराष्ट्रात वापरात आली. कुठे किती माल आहे हे त्यावर दिसावे, हा हेतू. पण यंत्र खरे बोलते ते खऱ्या नोंदी भरल्या तरच.

तामिळनाडूची पासबुके

हे सगळे जमते का? जमते. आपल्याच देशात जमले आहे.

तामिळनाडूने १९९४ मध्ये सरकारी औषध खरेदीसाठी वेगळे महामंडळ स्थापन केले. जानेवारी १९९५ पासून त्याचे काम सुरू झाले. त्यांनी केलेल्या गोष्टी कल्पनेपलीकडच्या नव्हत्या. अत्यावश्यक औषधांची एक यादी केली. राज्यभराची खरेदी एकत्र केली. दलाल टाळून थेट कारखानदारांकडून दोन पाकिटांच्या पद्धतीने निविदा घेतल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे बांधली. प्रत्येक खेपेचे नमुने, कंपनीचे नाव झाकून आणि सांकेतिक क्रमांक घालून, प्रयोगशाळांकडे पाठवले, म्हणजे तपासणाऱ्याला माल कोणाचा हे कळू नये. नापास माल परत आणि वारंवार चुकणाऱ्यावर बंदी. गोळ्यांच्या पट्टीवरच सरकारचे चिन्ह आणि ‘विक्रीसाठी नाही’ असा मजकूर छापून घेतला. चोरून दुकानात गेलेली पट्टी लगेच ओळखू यावी, हा त्यामागचा हेतू.

सर्वांत सुंदर कल्पना पासबुकाची. बँकेत असते तसे प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळाले. वर्षाला किती रुपयांची औषधे उचलता येतील ते त्यात लिहिलेले. रुग्णालय गोदामातून आपल्याला हवे ते, हवे तेव्हा उचलते आणि तेवढी रक्कम पासबुकातून कमी होते. म्हणजे वरून ढकललेला माल गुपचूप स्वीकारायचा नाही. खालून मागून घ्यायचा. ज्या डॉक्टरसमोर रुग्ण बसलेला आहे, त्याच्या हाती निवड आली. खरेदी एका जागी आणि निवड गावोगावी, असा हा मेळ आहे. अचानक लागणाऱ्या औषधांसाठी थोडा निधी स्थानिक खरेदीला ठेवला.

राजस्थानने पुढे हाच कित्ता गिरवला. चित्तोडगडचे जिल्हाधिकारी असताना डॉ. समित शर्मा यांनी सहकारी भांडारांमार्फत स्वस्त जेनेरिक औषधे लोकांना मिळवून दिली होती. त्यानंतर २०११ मध्ये राज्याने स्वतंत्र महामंडळ उभारले आणि २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. औषध मिळते म्हटल्यावर सरकारी दवाखान्यांतली गर्दी वाढली. आजवर ही माणसे आजारी नव्हती असे नाही; ती घरी बसून सोसत होती.

आपल्या राज्याची वाट

महाराष्ट्रात बरीच वर्षे वेगवेगळे विभाग आपापली खरेदी करीत. २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळाकडे सोपवण्यात आली. १८९९ मध्ये परळला प्लेगच्या लसीसाठी सुरू झालेल्या प्रयोगशाळेची परंपरा सांगणारी ही संस्था. लसनिर्मितीत तिचे नाव मोठे. पण लस बनवणे आणि राज्यभराची खरेदी सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. खरेदीतल्या विलंबाच्या तक्रारी रुग्णालयांकडून येत राहिल्या. अखेर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले.

आणि त्याच वर्षी, सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्णांचे मृत्यू झाले. त्यांत नवजात बालके मोठ्या संख्येने होती. औषधटंचाईचा आरोप झाला. प्रशासनाने तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मनुष्यबळाबरोबर औषध खरेदीचाही जाब विचारला. नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारी का नाही, हाही प्रश्न तिथे निघाला.

यातून घ्यायचा धडा एकच. कायदा झाला, प्राधिकरण झाले, उपचार मोफत झाले, हे चांगलेच. पण मोफत म्हटल्यावर गर्दी वाढते आणि त्या प्रमाणात औषध आले नाही तर ‘मोफत’ हा शब्द फक्त फलकावर उरतो. कागदावरचा हक्क खिडकीपर्यंत नेणारी माणसे, गोदामे आणि वेळेवरची बिले नसतील, तर संस्थेचे नाव बदलून काही साधत नाही.

आपण काय करावे?

‘हे सारे मुंबईत ठरते, आपल्या हाती काय?’ असे कोणी म्हणेल. आपल्या हातीही थोडेबहुत आहे.

१. दवाखान्यात औषध मिळाले नाही तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. कोणते औषध, किती मिळाले, किती मिळाले नाही, तारीख कोणती, हे वहीत लिहून ठेवा. ‘औषधे नसतात’ या तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. ‘अमुक तारखेपासून अमुक गोळी नाही’ या तक्रारीला उत्तर देणे अवघड जाते.

२. प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. निकडीच्या वेळी तिच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येते. आपल्या गावच्या समितीवर कोण आहे, बैठक शेवटची कधी झाली, हे विचारा.

३. ग्रामसभेत औषधांचा विषय काढा. नंदुरबारसह राज्यातल्या पाच जिल्ह्यांत २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. औषधांची उपलब्धता हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. जे तळोदा-धडगावकडच्या माणसाला जमू शकते, ते तापीकाठच्या माणसालाही जमेल.

४. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. वर्षभरातली मागणी किती, पुरवठा किती, किती औषधे मुदतबाह्य झाली, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

५. बाहेरून घेणे भागच पडले, तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जन औषधी केंद्रात किंवा दुकानात जेनेरिक मागा. रक्तदाब, मधुमेह, मिरगी आणि क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडू नका. पैशाअभावी सोडाव्या लागत असतील तर ते डॉक्टरांना किंवा आशाताईंना स्पष्ट सांगा. यात लाज कसली?

६. आणि एक गोष्ट आपल्याविरुद्धची. गरज नसताना ‘सलाइन लावा’, ‘सुई द्या’, ‘ताकदीचे औषध द्या’ असा हट्ट धरू नका. साध्या सर्दीला प्रतिजैविक मागू नका. सरकारी भांडारातली वाया गेलेली प्रत्येक बाटली कोणातरी दुसऱ्याच्या वाट्यातून जाते.

शेवटी

औषध खरेदी हा बाबू लोकांचा, निविदांचा आणि फायलींचा विषय आहे असे आपण मानतो. पण फाइल तीन महिने टेबलावर पडली की त्याचे मोजमाप रुपयांत होत नाही. ते कोणाच्या तरी लुळ्या पडलेल्या हातात, सापाने दंश केलेल्या पोरासाठी केलेल्या जळगावच्या किंवा बऱ्हाणपूरच्या धावपळीत, बाळंतिणीच्या न थांबलेल्या रक्तस्रावात होते.

केळी वेळेवर दिल्लीला पोहोचवणारा आपला तालुका आहे. माल नाशवंत असला तरी माणसांनी ठरवले, तर तो शेकडो कोस सुखरूप जातो. मग रक्तदाबाच्या तीस गोळ्या जिल्ह्याच्या गोदामापासून आजीच्या पिशवीपर्यंत पोहोचवणे इतके का कठीण असावे? पुढच्या बाजाराला दवाखान्यात जाल तेव्हा खिडकीशी क्षणभर थांबा आणि पाहा : पुढच्या माणसाच्या हाती गोळ्या येतात की चिठ्ठी?